हळदीच्या गोदामात चार सॅक्सोफोन

परत आल्यापासून आमच्या आळीतल्या बायका मला एकच विचारतात, "काय हो बाई, वसंताला हळद लागली की काय कुठं?" त्यांचं चुकत नाही. माझ्या वळकटीला अजून हळदीचा वास येतो आणि माझ्या दोन चांगल्या पातळांचे काठ पिवळे झाले ते झालेच. साबण मिळायची मारामार, त्यात हा डाग. पण हळद लागली ती वसंताला नव्हे. ती लागली सर्जेराव हवालदारांच्या पायांना, आणि ती कशी लागली हे एकदाच सगळ्यांना सांगून टाकावं म्हणून लिहायला बसले आहे.

आधी आम्ही कोण ते सांगते. मी वाईला मुलींच्या शाळेत शिकवते. वसंता माझा धाकटा भाऊ. आईवडील लवकर गेले, त्यामुळे त्याला वाढवला मी, रागावले मी आणि लाडही मीच केले. तेव्हा त्याचं कौतुक करताना माझा हात जरा सैल सुटतो, हे वाचणाऱ्यानं गृहीत धरावं. लढाईच्या काळात हा पोरगा पलटणीच्या बँडमध्ये भरती झाला. लोक पोटासाठी गेले, हा वाजवायला मिळेल म्हणून गेला. लढाई संपली, बँड मोडला, आणि वसंता घरी आला तो काखेत एक सॅक्सोफोन घेऊन.

ज्यांनी हे वाद्य पाहिलं नसेल त्यांनी पितळेची एक भलीमोठी चिलीम डोळ्यांपुढं आणावी. तोंडाशी वेताची पातळ पट्टी, अंगभर झाकणं आणि कळा, खाली फुलासारखं उघडलेलं तोंड. लहान असतो तो सरळ असतो, मोठा असतो तो लहान मुलाएवढा असतो. आपल्याकडं हा बाजा लोकांना ठाऊक आहे तो लग्नाच्या वरातीतला. पुढं गॅसबत्त्या, मागं घोडा, आणि मध्ये ही चिलीम. पण वसंतानं चार सॅक्सोफोनांसाठी स्वतः एक चीज रचली. गाणं नाही, तबला नाही, पेटी नाही. नुसते चार सॅक्सोफोन. अशी रचना आपल्या भागात कुणी केली असेल असं मला वाटत नाही, आणि हे मी त्याची बहीण म्हणून बोलत नाही. खरं तर म्हणूनच बोलते.

आमच्या घाटावरच्या देवळात सनई वाजते तेव्हा सनईवाल्याच्या शेजारी एकजण नुसता सूर धरून बसलेला असतो. गाल फुगलेले, डोळे मिटलेले, आणि सूर एकच. त्याच्याकडं कुणी बघत नाही. वसंता लहानपणी सनईवाल्याकडं पाठ करून त्या सूरवाल्याकडं तोंड करून बसायचा. मी कान धरून उठवायची. तोच सूर त्याच्या डोक्यात राहिला. त्याच्या चिजेची सुरुवात म्हणजे एकच षड्ज, चौघांनी धरलेला. एकाचा श्वास संपायच्या आत दुसरा त्यात मिसळतो, दुसऱ्याचा संपायच्या आत तिसरा. मग हळूहळू एकेकजण त्या षड्जातून पंचमाकडं, निषादाकडं सरकतो, पण खालचा धागा तुटत नाही. ऐकणाऱ्याला वाटावं की कुणी श्वासच घेत नाही. पुढं शेवटी एक जलद भाग आहे, तोही चांगला आहे, पण वसंताचा जीव त्या सुरुवातीत.

बाकीचे तिघे पलटणीतलेच. राम आणि लक्ष्मण हे पाटणकडचे सख्खे भाऊ, आणि नावं त्यांच्या आईनं खरोखरच अशी ठेवलेली. दोघं मिळून दिवसाला चार वाक्यं बोलतात. आणि सर्वांत मोठा बाजा वाजवणारे सर्जेराव हवालदार. उंच, रुंद, मिशा कानापर्यंत, पायात सदान्‌कदा पलटणीचे बूट. खालचा खर्ज त्यांचा. ते नसतील तर चिजेला जमीनच नाही.

आणि नेमके तेच जायला निघाले होते. कोल्हापूरच्या एका लग्नाच्या बँडच्या मालकानं त्यांना बोलावलं होतं. सर्जेराव वसंताला म्हणाले, "मास्तर, तुमची चीज लय भारी हाय. पर लोक थांबून ऐकत न्हाईत. मानूस बसून गानं ऐकतो, आमचा बाजा हुबं ऱ्हाऊन ऐकतो आन् म्होरं जातो. मग हितं हवा भरण्यापरीस वरातीत काय वाईट? तितं निदान पोरं नाचत्यात." शेवटी ठरलं ते असं. सांगलीपर्यंत ते येणार. वाटेत औंधला वाजवायचं, सांगलीला वाजवायचं. लोकांनी बसून ऐकलं तर सर्जेराव राहणार. नाही ऐकलं तर सांगलीहूनच कोल्हापूरची गाडी धरणार.

मला सोबत घेतलं ते त्यासाठीच. वसंता म्हणाला, "अक्का, तू वर्गात नुसतं 'बसा' म्हणतेस तर रस्त्यावरची कुत्रीसुद्धा बसतात. तेवढंच काम कर." मी रजा टाकली.

सातारा

साताऱ्यापर्यंतच्या मोटारीचं वर्णन करत नाही. कोळशाच्या धुरावर चालणारी मोटार ज्यांनी अनुभवली आहे त्यांना सांगायला नको, आणि ज्यांनी नाही त्यांचं भाग्य. एवढंच सांगते की क्लीनर सर्जेरावांचा बाजा टपावर टाकायला निघाला, तेव्हा ते त्याला म्हणाले, "गड्या, मला टाक वर. ह्यो खाली बसंल." आणि खरोखरच बाजा माझ्या शेजारी बाकावर बसला आणि हवालदार टपावर बसून आले. खाली उतरले तेव्हा मिशा धुळीनं पांढऱ्या झाल्या होत्या.

साताऱ्यात कंदी पेढे घेतले. साखर रेशनवर असतानाही हे लोक पेढे कसे करतात हे विचारायचं नसतं. राजवाड्यासमोर उभं राहून खाल्ले. राम आणि लक्ष्मण यांनी त्या दिवशीचं पहिलं वाक्य तिथं उच्चारलं. राम म्हणाला, "ग्वाड हाय." लक्ष्मण म्हणाला, "व्हय." मी वाईची. आमच्याकडं गोडाचं कौतुक करायला माणसाला निदान पाच मिनिटं लागतात, आणि शेवटी आमच्याकडचं कसं जास्त चांगलं हे सांगावं लागतं.

औंध

औंधला पोचलो तेव्हा शाळू हुरड्याला आलेला होता. आम्हाला उतरायला जागा दिली होती ते पाटील-वहिनींचं घर. वहिनींचा एक दीर पलटणीत सर्जेरावांबरोबर होता, तेवढी ओळख. शेतातच बसवलं. शेणीच्या निखाऱ्यावर कणसं भाजून हातावर चोळून देत होते, सोबत लसणीची चटणी आणि दही. हुरडा वाईलाही मिळतो, पण आम्ही तो ताटलीत घेऊन चमच्यानं खातो, हे मी बोलून गेले आणि तिथल्या बायकांनी माझ्याकडं अशा नजरेनं पाहिलं की मी मुकाट्यानं दोन्ही हात पुढं केले.

दुसऱ्या दिवशी यमाईच्या डोंगराच्या पायथ्याशी, पायऱ्या सुरू होतात तिथल्या मोकळ्या जागेत वाजवायचं ठरलं. मंगळवार होता, दर्शनाला माणसं भरपूर. सकाळचं कोवळं ऊन डोंगरावर, खाली नारळाची आणि गुलालाची दुकानं. चौघेजण पलटणीचे जुने कोट घालून, बूट चकचकीत करून एका ओळीत उभे राहिले. मला मनातून फार बरं वाटलं. चार पितळी बाज्यांवर ऊन पडलं आणि नारळवालासुद्धा हातातला नारळ तसाच धरून बघत राहिला.

मी पुढं होऊन म्हटलं, "मंडळी, बसून घ्या. आता एक नवी चीज ऐकायची आहे."

कुणी बसेना.

मी पुन्हा म्हटलं. वर्गातल्या आवाजात म्हटलं. माणसं एकमेकांकडं बघून हसली, जागा केली, मागं सरली, पण बसलं कुणी नाही. पुढंच एक म्हातारी होती, हिरवं लुगडं, हातातल्या परडीत देवीचा नैवेद्य. मी तिला म्हटलं, "आजी, तुम्ही तरी बसा."

"न्हाई बाई," ती म्हणाली. "पाव्हणं हुबं, आन् आमी बसावं व्हय? बरं दिसतं का ते?"

मला वाटलं, ही बसायचं टाळायची सबब. वसंतानं वाजवायला सुरुवात केली. तो षड्ज असा काही लागला की माझ्या अंगावर काटा आला. पण उभ्या माणसाचे पाय फार वेळ एका जागी राहत नाहीत. लोकांना वाटलं, आता मिरवणूक निघणार. एकदोघं पुढं जाऊन रस्त्याकडं बघून आली, पालखी कुठं आहे ते. पालखी नाही. मग ज्याला वर जायचं होतं तो वर गेला, ज्याला घरी जायचं होतं तो घरी गेला. म्हातारी मात्र शेवटपर्यंत उभी राहिली, या पायावरून त्या पायावर होत. शेवटच्या सुराला समोर ती, नारळवाला आणि एक शेळी. मी त्या दिवशी पालथ्या घड्यावर पाणी ही म्हण दहा वेळा तरी मनात म्हटली असेन.

म्हातारी जाताना सर्जेरावांच्या बाज्यावर हळदकुंकू लावून गेली. "दमला असशील रं बाबा," एवढंच म्हणाली.

त्या दिवशी पाटील-वहिनींनी पावट्याची उसळ आणि बाजरीची भाकरी केली होती. वसंता जेवला नाही. वड्याचं तेल वांग्यावर काढावं तसा माझा राग मी वहिनींच्या चुलीवर काढला, म्हणजे त्यांना बाजूला सारून मीच भाकऱ्या थापल्या, आणि त्या सगळ्या वाकड्या झाल्या. सर्जेराव वाकडी भाकरी मोडत म्हणाले, "औंध झालं. सांगली ऱ्हायली." त्यांनी दुसरं काही म्हणायची गरज नव्हती.

विटा

विट्याला आमचं काहीच काम नव्हतं. फक्त गाडी बदलायची होती. पण आम्ही मोटारीतून उतरलो न उतरलो तोच फेट्यातली चारपाच माणसं धावत आली, चौघांच्या कपाळाला कुंकू लावलं, हातात नारळ दिले आणि म्हणाली, "चला, चला, लय येळ झाला."

झालं असं होतं की गावात मोठं लग्न होतं. ठरवलेल्या बँडची गाडी कुठंतरी बंद पडली होती. नवरदेव घोड्यावर बसून राहिला होता आणि घोडा कंटाळला होता. तेवढ्यात कोट घातलेले, चकचकीत बाजे घेतलेले चार इसम उतरले. कुणालाही तेच वाटलं असतं.

नवरदेवाचे चुलते कलकत्त्याला असत. विट्याची पुष्कळ माणसं लांबलांबच्या शहरांत सोनं गाळायची दुकानं चालवतात, त्यांपैकी हे एक. रेशमी सदरा, बोटांत अंगठ्या, बोलण्यात हिंदी. ते वसंताला म्हणाले, "मास्टरजी, आमी कलकत्त्याला हॉटेलात ह्येच बाजे ऐकलेत. लोक जेवतात आन् ह्ये वाजवतात. एकदम फस्क्लास. तुमी आले, देवच पावला."

वसंताचा चेहरा पडला. तो म्हणाला, "आम्ही वरातीचे नाही. आम्ही बसून ऐकायचं वाजवतो."

"मग वरात संपल्यावर बसू की."

मी वसंताच्या बाजूनं तोंड उघडणार, एवढ्यात मागून एकदम लग्नाची धून सुरू झाली. सर्जेराव. त्यांनी घोड्याकडं पाहिलं होतं, नवरदेवाच्या सुकलेल्या चेहऱ्याकडं पाहिलं होतं, आणि बाजा तोंडाला लावून चालायलाच लागले होते. राम आणि लक्ष्मण त्यांच्या मागं. मग वसंता काय करतो? तोही गेला.

आता खरं सांगायचं तर ती वरात मी जन्मात विसरणार नाही. चौघे असे वाजवत होते की गल्लीतल्या माड्यांवर बायका दाटल्या. कलकत्त्याचे काका अंगठ्यांसकट नाचले. घोडासुद्धा मान हलवायला लागला. माझ्या वसंताला लोक खांद्यावर घ्यायचे बाकी राहिले होते. मी मांडवाच्या कडेला उभी राहून शेजारच्या बाईला तीन वेळा सांगितलं, "तो पुढचा सरळ बाजावाला माझा भाऊ." अभिमान वाटायला मला कारण लागत नाही, आणि इथं तर होतं.

पण मग सर्जेरावांकडं बघितलं. त्यांचा चेहरा फुलला होता. औंधला शेळीपुढं उभं राहणारा तो माणूसच नव्हता हा. पोरं त्यांच्या बुटांभोवती नाचत होती. मी मनात म्हटलं, हा गेला कोल्हापूरला. आणि त्यांना दोष तरी कोणत्या तोंडानं द्यायचा? माणसाला कुणीतरी ऐकतंय एवढं तरी कळायला नको का.

वरात संपल्यावर काही कुणी बसलं नाही. जेवणाच्या पंगतीला मात्र सगळे बसले. आम्हालाही आग्रह करकरून वाढलं, बुंदी आणि भरल्या वांग्याची भाजी, आणि निघताना चौघांना फेटे बांधले. वसंता फेटा बांधलेल्या डोक्यानं मोटारीत खिडकीकडं तोंड करून बसला. तासगावच्या गणपतीचं गोपूर दिसल्यावर एकदम म्हणाला, "अक्का, हवालदारांचं खरं आहे. आपण सांगलीला न जाता घरी जाऊ."

मी म्हटलं, "रजा टाकून आले आहे मी. सांगली बघितल्याशिवाय कुठं जात नसते."

सांगली

सांगलीची कृष्णा पाहून मला हसू आलं. आमच्या वाईत ती परकरातली पोर आहे, घाटावरून उड्या मारत जाणारी. इथं ती चांगली लेकुरवाळी बाई झाली आहे, अंगानं भरलेली, सावकाश चालणारी. तीच नदी, पण मी ओळख दाखवल्यावर तिनं काही ओळख दाखवली नाही.

आम्हाला बोलावणारे शिवाप्पा अण्णा हळदीचे अडते. मागं एकदा काही कामानं वाईला आले होते, घाटावर वसंताची तालीम चालू होती ती त्यांच्या कानावर पडली आणि जाताना सांगून गेले, सांगलीला या, माणसं मी जमवतो. त्यांच्या बोलण्यात कानडी हेल आहे. मला पाहिल्याबरोबर म्हणाले, "या अक्का, या. आमच्याकडंबी थोरल्या भैनीला अक्काच म्हणतेत." पहिल्या चुळीचं पाणी हातावर पडायच्या आधी माझं त्यांच्याशी जमलं.

वाजवायची जागा म्हणजे त्यांचं गोदाम. नवी हळद यायला अजून अवकाश होता, म्हणून रिकामं होतं. झाडून, सारवून घेतलं होतं, जमखाने अंथरले होते, एका टोकाला लाकडी चौथरा होता, पोती चढवायचा, त्याचंच व्यासपीठ केलेलं. पण हळद काय झाडून जाते? वर्षानुवर्षांची ती भिंतींत, तुळयांत, फटींत बसलेली. कुणी जोरात शिंकलं तरी पिवळी धूळ उडे. आत शिरल्यावर माझे डोळे चुरचुरले आणि तोंडाला पाणी सुटलं, दोन्ही एकदम.

"बसायची काळजी करू नका अक्का," अण्णा म्हणाले. "सांगलीचा मानूस जमखाना दिसला की बसतोय."

आणि खरंच बसले. संध्याकाळी गोदाम भरलं. वकील, अडते, शाळामास्तर, पुढं लोडाला टेकून एक जुने नाटकातले गायक, त्यांना सगळे काका म्हणत होते, पानाचा डबा मांडीशी. एका बाजूला पडदा लावून आम्हा बायकांची जागा. माझ्या शेजारी अण्णांची सून पार्वती, अथणीकडची, घरात वीसपंचवीस माणसांचं करणारी, हातातली बांगडीसुद्धा वाजणार नाही इतकी हळू बोलणारी. मला 'बसा' म्हणायची वेळच आली नाही. मी सर्जेरावांकडं विजयी नजरेनं पाहिलं. ते चौथऱ्यावर बाकीच्यांबरोबर ओळीत, बूट जोडून, ताठ उभे.

वसंतानं मान हलवली. षड्ज सुरू झाला.

आणि सांगलीकर गप्पा मारायला लागले.

आधी मला कळेना. मग कळलं आणि डोकंच फिरलं. त्यांना वाटलं, वाद्यं जुळवताहेत. गाण्याच्या बैठकीत आधी तंबोरे लागतात, तबला ठोकून घेतात, तेवढ्यात माणसं पानं लावतात, एकमेकांची ख्यालीखुशाली विचारतात. तो शिष्टाचारच आहे. जुळवणीकडं टक लावून बघणं उलट अडाणीपणाचं. म्हणून ही जाणकार माणसं मोठ्या सभ्यपणे सुपारी कातरत होती आणि इकडं माझ्या भावाचा जीव त्या सुरात चालला होता.

पडद्याआडून मला सगळं ऐकू येत होतं. एकजण म्हणाला, "तबलजी यायचाय वाटतं अजून." काका म्हणाले, "विलायती वाद्य. थंडीनं उतरतं. वेळ लागणारच." दुसऱ्यानं हळदीचा भाव विचारला. मी उठणार होते. पार्वतीच्या जाऊबाईंनी माझं पातळ धरून मला खाली बसवलं. पुरुषांच्या बैठकीत पडद्यातून बोलायचं नसतं म्हणे. वाईच्या बाईला हे सांगायचं.

चौघे वाजवतच राहिले. पलटणीची शिस्त, बँडमास्तरचा हात खाली आल्याशिवाय थांबायचं नाही. षड्जातून एकेकजण सरकला, परत आला, धागा एकदाही तुटला नाही. मग जलद भाग सुरू झाला. "जुळलं," काका म्हणाले, पानाचा डबा मिटला, आणि सगळं गोदाम सावरून बसलं. कसे ऐकू लागले म्हणून सांगू. माना डोलल्या, हात मांडीवर पडले. शेवटच्या सुराला टाळ्यांनी तुळयांवरची हळद खाली आली. काका अर्धे उठून ओरडले, "वन्समोर!" नाटकाच्या गावात वन्समोर म्हणजे मानाची शाल. गोदामभर तोच पुकारा झाला.

वसंता पांढरा पडला होता. त्यानं विचारलं, "कोणता भाग?"

"तो पळता. जुळवून झाल्यावरचा."

वसंतानं वाद्य उचललं.  सर्जेराव तुळईकडं बघत होते, आणि मला तिथं कोल्हापूरचा रस्ता दिसत होता.

तेवढ्यात माझ्या शेजारून आवाज आला. हळू, पण गोदामात शांतता होती म्हणून शेवटपर्यंत गेला. पार्वती.

"ते पयलं वाजवा," ती म्हणाली. "जुळवत हुता ते."

सगळे पडद्याकडं वळले. मग हशा पिकला. "जुळवणीला वन्समोर," कुणीतरी म्हणालं आणि पुन्हा हशा. अण्णांची मान खाली गेली. जाऊबाईंनी कपाळाला हात लावला. पार्वती लाल झाली, पण थांबली नाही.

"हसा. पर तेवढा येळ माज्या डोक्यात घरचं कायबी आलं न्हाई. मला ते परत पायजे."

हशा थांबला. वसंता पडद्याकडं बघत होता. त्याला मी लहानपणापासून ओळखते, पण ते तोंड मी पाहिलेलं नव्हतं. तो काकांकडं वळून म्हणाला, "ती जुळवणी नव्हती. तीच माझी चीज होती. तुम्ही वन्समोर दिलात तो पळता भाग म्हणजे जेवणानंतरची बडीशेप."

 काकांनी तोंडातलं पान काढून पिकदाणीत टाकलं. "अहो, मग आम्ही बडीशेपच खाल्ली की," ते म्हणाले. "वाढा पुन्हा. पहिल्यापासून."

तरी कुजबूज होतीच. आणि तेव्हा सर्जेराव हलले नाहीत, असं मला वाटलं. मग पाहते तर ते चौथऱ्याच्या कडेला आले, बाजा हलकेच उभा टेकवला आणि कडेवर बसले, पाय खाली सोडून. वाकले आणि बुटाच्या नाड्या सोडायला लागले. पलटणीच्या बुटाच्या नाड्या, त्या काय लवकर सुटतात? सगळं गोदाम त्या नाड्यांकडं बघत बसलं. एक बूट निघाला. दुसरा निघाला. मोजेही काढले.

"औंदची म्हातारी बरोबर बोलत हुती, बाई," ते पडद्याच्या दिशेनं म्हणाले. "पाव्हना हुबा म्हंजी निगायच्या बेतात. आमी सगळीकडं हुबंच ऱ्हायलो, आन् तुमी लोकांस्नी बसा म्हणत ऱ्हायला."

मग बूट उचलून ते अनवाणीच खाली उतरले, बूट अण्णांपुढं ठेवले आणि परत कडेवर येऊन बसले. "अण्णा, कोल्लापूरचं बँडवालं मालक बाजारला येत्यात न्हवं? ह्ये त्यांस्नी द्या. म्हनावं, सर्जेराव बसला."

राम आणि लक्ष्मण मांडी घालून बसले. वसंता त्यांच्यामध्ये बसला. सर्जेरावांनी मोठा बाजा दोन गुडघ्यांमध्ये घेतला. अनवाणी पाय चौथऱ्यावरून खाली लोंबत होते, आणि तळव्यांना, बोटांना, टाचांना जमिनीवरची हळद लागली होती. नवरदेवाचे असावेत तसे पिवळे पाय. कुणीतरी हसेल असं मला वाटलं. कुणी हसलं नाही.

इतके दिवस ज्यासाठी मला आणलं होतं ती वेळ हीच, असं माझ्या मनात आलं. जाऊबाईंना जे म्हणायचं ते म्हणू देत. मी पडदा बाजूला करून उभी राहिले, पदर खोचला, आणि वर्गातल्या आवाजात 'बसा' म्हणायला तोंड उघडलं.

गोदामात उभी अशी मी एकटीच होते.

मी खाली बसले, आणि सर्जेरावांनी षड्ज लावला.